वस्ताद बदलून तालीम उभी राहत नाही : वेल्श रग्बी युनियनला खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ,
वेल्श रग्बी युनियन, कार्डिफ.

सप्रेम नमस्कार.

29 नोव्हेंबर 2025. कार्डिफहून नीथकडे येणारी संध्याकाळची गाडी लाल जर्सींनी खच्चून भरली होती आणि डब्यात कोणी बोलत नव्हते. दक्षिण आफ्रिका 73, वेल्स 0. ब्रिजेंड मागे पडल्यावर माझ्या समोर बसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी खिडकीबाहेर बघतच विचारले, "आता टँडीला किती दिवस देतील?" उत्तर कोणीच दिले नाही. स्टीव्ह टँडी यांचे नाव राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून जाहीर होऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि त्यांच्या हाताखाली सामने झाले होते चार. त्यांतला जपानविरुद्धचा आपण एका गुणाने जिंकलोही होतो. तरी हरल्या दिवशी या देशात पहिला प्रश्न हाच येतो, की माणूस कधी बदलणार. ही सवय आम्हा प्रेक्षकांना तुमच्यामुळे लागली. हे पत्र त्याबद्दल आहे.

इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयात टपालाने पाठवली आहे. ही मराठी प्रत मी सगळ्यांसमोर ठेवतो आहे, कारण मनातले खरे म्हणणे मला याच भाषेत नीट मांडता येते. रस्त्यावरच्या पाट्यांवर ज्या देशात आपली भाषा आधी आणि इंग्रजी नंतर लिहिली जाते, तिथे याचे कोणाला नवल वाटू नये. शिवाय स्वान्सी, कार्डिफ, न्यूपोर्टकडे माझ्या ओळखीची कितीतरी मराठी कुटुंबे आहेत. त्यांची मुले रविवारी सकाळी चिखलात रग्बी खेळतात आणि आईवडील कडेला थर्मास घेऊन उभे असतात. हा प्रश्न त्यांचाही आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नसते. पेठेचा गणपती तालमीचा, अडीअडचणीला धावणारी पोरे तालमीची आणि फुटबॉलचा संघही तालमीचाच. खंडोबा तालीम आणि पाटाकडील तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की त्या दिवशी दोन पेठांत दुसरे काही सुचत नाही. 2006 साली मी नीथला राहायला आलो. पहिल्याच शनिवारी शेजारचे आजोबा, खाणीत उमर घालवलेले, मला हाताला धरून नोल मैदानावर घेऊन गेले. काळी जर्सी, छातीवर पांढरा क्रॉस, आणि भोवती उभी असलेली माणसे एकमेकांच्या आज्याने कोणत्या साली कोणाला पाडले ते सांगत होती. मला परके वाटलेच नाही. मी माझ्याच पेठेत उभा होतो.

कोल्हापूरच्या तालमीत शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. चांगल्या वस्तादाचे पहिले लक्ष पैलवानाच्या डावाकडे नसते, मातीकडे असते. आखाड्याची लाल माती ताक, लिंबू, हळद, कापूर घालून मळावी लागते, वरचेवर उकरावी लागते, नाहीतर ती दगड होते आणि पोरांची हाडे मोडतात. वेल्सची लोकसंख्या एकतीस लाखांच्या घरात आहे. एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 38 लाखांवर होती. एवढ्याशा देशाने जगाला रग्बी शिकवले ते मातीच्या जोरावर. हे तुमच्याच दप्तरात लिहिलेले आहे, म्हणून ते तुम्हाला आठवून देण्याचे धाडस करतो.

1964 च्या मे महिन्यात डर्बनला दक्षिण आफ्रिकेने वेल्सला 24-3 असे हरवले. त्या काळच्या गुणपद्धतीत हा दारुण पराभव होता. तेव्हा काढून टाकायला राष्ट्रीय प्रशिक्षकच नव्हता आणि मला वाटते हेच वेल्सचे भाग्य ठरले. बळी द्यायला माणूस हाताशी नसल्यामुळे तुमच्या पूर्वसुरींना विचार करावा लागला. त्यांनी अभ्यासगट नेमला आणि 1967 मध्ये रे विल्यम्स यांना प्रशिक्षण संघटक म्हणून पूर्णवेळ पगारावर आणले. असे पद जगात तोवर कुठल्याच रग्बी संघटनेकडे नव्हते. विल्यम्स यांचे काम राष्ट्रीय संघाला डावपेच शिकवण्याचे नव्हते. क्लबांत आणि शाळांत शिकवणारे लोक तयार करणे हे त्यांचे काम होते. त्याच वर्षी डेव्हिड नॅश पहिले राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. पण 1968 च्या अर्जेंटिना दौऱ्यावर प्रशिक्षक न्यायचा नाही असे ठरले, तेव्हा त्यांनी पद सोडले. नंतर तो निर्णय फिरला आणि क्लाइव्ह रोलंड्स गेले. पुढचे सगळ्यांना पाठ आहे. रोलंड्स यांच्या काळात 1971 चा ग्रँड स्लॅम (युरोपातल्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकणे), जॉन डॉज यांच्या काळात 1976 आणि 1978 चा, शिवाय 1976 ते 1979 सलग चार ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड या तिघांना एकाच हंगामात हरवणे). गॅरेथ एडवर्ड्स, जेपीआर विल्यम्स, फिल बेनेट ही नावे लोक घेतात आणि घ्यावीतच. पण ती पोरे ज्या मातीत घडली ती मळण्याचे काम तेव्हा एक माणूस गावोगाव फिरून करत होता. त्याचे नाव क्वचितच कोणी घेते.

आता क्लबांकडे येतो, कारण माझे खरे प्रेम तिथे आहे.

31 ऑक्टोबर 1972, लानेलीचे स्ट्रेडी पार्क. लानेली 9, न्यूझीलंड 3. सुरुवातीलाच बेनेटची पेनल्टी खांबाला लागून परत आली, न्यूझीलंडच्या खेळाडूने घाईत मारलेली किक रॉय बर्जियर्सने अडवली आणि ट्राय झाला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला गेला. शेवटी अँडी हिलच्या लांबवरच्या पेनल्टीने शिक्कामोर्तब केले. कर्णधार डेल्मे टॉमस यांना लोकांनी खांद्यावर घेतले. त्या रात्री गावातल्या पबमधली बिअर संपली. ही गोष्ट मी निदान पन्नास जणांच्या तोंडून ऐकली असेल आणि सांगणारा प्रत्येक जण मैदानात हजर होता. पण मला नेहमी त्या दिवशी कडेला बसलेला माणूस आठवतो. कार्विन जेम्स, केव्हनाइथिन या खाणकामगारांच्या गावचे, वेल्शचे अध्यापक. आदल्याच वर्षी त्यांच्या मार्गदर्शनाखाली ब्रिटिश लायन्सनी (ब्रिटन आणि आयर्लंडचा निवडक संघ) न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली होती. एकाच माणसाने लायन्सकडून आणि क्लबकडून न्यूझीलंडला हरवले. तो माणूस वेल्सचा प्रशिक्षक कधीच झाला नाही. 1974 मध्ये त्यांचे नाव पुढे आले होते. संघ निवडण्यात प्रशिक्षकाचा शब्द चालावा, सोबतची माणसे त्याने निवडावीत असे त्यांचे म्हणणे होते. ते युनियनच्या गळी उतरणार नाही हे दिसल्यावर त्यांनी नाव मागे घेतले. 1983 च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमला ते वारले. घरच्या वस्तादावर विश्वास टाकायला तुम्ही कचरता ही माझी तक्रार आजची नाही, ती इतकी जुनी आहे.

स्वान्सीचे सेंट हेलेन्स हे असेच एक मैदान. वेल्सने घरच्या भूमीवरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1882 मध्ये तिथे खेळला. 1935 मध्ये स्वान्सीने तिथे न्यूझीलंडला 11-3 असे हरवले. न्यूझीलंडला हरवणारा तो पहिला क्लब, आणि त्यांचे दोन्ही हाफबॅक, हेडन टॅनर आणि विली डेव्हिस, तेव्हा शाळेत शिकत होते. (मराठी वाचकांसाठी एक सांगतो. 1968 मध्ये गारफिल्ड सोबर्सने एका षटकात सहा षटकार मारले ते याच मैदानावर, ग्लॅमॉर्गनविरुद्ध. तोच पराक्रम 1985 मध्ये मुंबईकडून करणारे रवी शास्त्री पुढे त्याच ग्लॅमॉर्गनकडून खेळले. सेंट हेलेन्सच्या भिंतीवरून समुद्राकडे पाहताना मला दर वेळी वानखेडे आठवते.) 1953 मध्ये कार्डिफने न्यूझीलंडला 8-3 ने हरवले. 1963 मध्ये न्यूपोर्टने जॉन उझेलच्या एका ड्रॉप गोलवर 3-0 ने, आणि त्या अख्ख्या दौऱ्यात न्यूझीलंडचा तो एकच पराभव. 1992 च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलिया जगज्जेते म्हणून आले, तर स्वान्सीने त्यांना 21-6 ने आणि लानेलीने 13-9 ने धूळ चारली. त्या दोन क्लबांचे प्रशिक्षक कोण होते? स्वान्सीचे माइक रडक, लानेलीचे गॅरेथ जेंकिन्स.

या दोघांचे तुमच्या हाताखाली काय झाले ते बघा. रडक यांनी 2005 मध्ये वेल्सला सत्तावीस वर्षांनी ग्रँड स्लॅम मिळवून दिला. 2006 च्या फेब्रुवारीत, स्पर्धा चालू असताना, ते पदावरून गेले होते. जेंकिन्स तर 1972 च्या त्या सामन्यात लानेलीचे फ्लँकर होते, आयुष्य त्या क्लबात गेलेले. 2007 च्या विश्वचषकात नाँतला फिजीकडून वेल्स 38-34 असे हरले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना निरोप मिळाला. सामना हरण्याची जबाबदारी प्रशिक्षकाने घ्यावी हे मला मान्य आहे. रात्र उलटताच माणसाला मोकळे करण्याची घाई मात्र मला त्या वेळीही पटली नव्हती, आजही पटत नाही.

त्याआधीचे दशक तर आठवू नये असे. टोनी ग्रे यांच्या काळात वेल्स 1987 च्या विश्वचषकात तिसरे आले, 1988 मध्ये ट्रिपल क्राउन मिळाला. मग न्यूझीलंडच्या दौऱ्यावर 52-3 आणि 54-9 असे दोन पराभव झाले आणि ग्रे गेले. संघ हरला म्हणून काही केले पाहिजे, तर काय, प्रशिक्षक बदला. त्यानंतर 1998 पर्यंत जॉन रायन, रॉन वॉल्ड्रन, ॲलन डेव्हिस, ॲलेक्स इव्हान्स, केव्हिन बोरिंग आणि हंगामी म्हणून डेनिस जॉन असे सहा जण येऊन गेले. मधल्या काळात ब्रिस्बेनला 63-6, वेम्बलीवर फ्रान्सकडून 51-0, प्रिटोरियाला 96-13. वस्ताद बदलत राहिले, पण पाया ढासळतच गेला. त्या दहा वर्षांत खेळ व्यावसायिक झाला, क्लबांकडे पैसा नव्हता, खाणी बंद पडलेल्या, चांगले खेळाडू रग्बी लीग या तेरा जणांच्या वेगळ्या खेळाकडे गेलेले. यातल्या एकाही गोष्टीचे उत्तर नवा प्रशिक्षक नव्हता.

तुम्ही म्हणाल, ग्रॅहम हेन्री आणि वॉरन गॅटलंड बाहेरून आले आणि यश घेऊन आले. खरे आहे. हेन्रींच्या हाताखाली 1999 मध्ये सलग दहा विजय झाले. गॅटलंड यांनी 2008, 2012 आणि 2019 असे तीन ग्रँड स्लॅम दिले, संघाला दोनदा विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेले. त्यांचे ऋण मी मानतो, त्या रात्री मीही नाचलो आहे. पण गॅटलंड यांचा पहिला सामना आठवा. 2 फेब्रुवारी 2008, ट्विकनम. तिथे वेल्स वीस वर्षे जिंकले नव्हते. नव्या प्रशिक्षकाने पंधरा जण उतरवले, त्यांतले तेरा ऑस्प्रेजचे. वेल्स 26-19 ने जिंकले. एका संघातून तेरा! नीथ आणि स्वान्सी या हाडवैऱ्यांना एकत्र बांधून 2003 मध्ये उभा केलेला तो संघ, पाच वर्षांत त्याने राष्ट्रीय संघच घडवून दिला होता. शेन विल्यम्स नीथमधून आला, अंगाने लहान म्हणून सुरुवातीला डावललेला, आणि वेल्ससाठी 58 ट्राय करून गेला. अ‍ॅलन विन जोन्सने वेल्ससाठी 158 सामने खेळले. गॅटलंड मोठे वस्ताद होतेच, पण त्यांना माती तयार मिळाली. दुसऱ्यांदा, 2022 च्या डिसेंबरात, तेच गॅटलंड परत आले तेव्हा ती तशी उरली नव्हती. सलग चौदा पराभवांनंतर 2025 च्या फेब्रुवारीत ते गेले. मॅट शेरॅट यांनी हंगामी भार उचलला, पराभवांची साखळी अठरावर जाऊन जुलैत जपानमध्ये तुटली. गॅटलंड तोच माणूस, तेच डोके, तीच मेहनत. मग बदलले काय होते?

याचे उत्तर शोधायला पॉन्टिप्रिडला जा. 2003 मध्ये तुम्ही क्लबांच्या वर पाच व्यावसायिक प्रादेशिक संघ केले. पॉन्टिप्रिड आणि ब्रिजेंड मिळून केल्टिक वॉरियर्स झाला. त्याने त्या हंगामात इंग्लंडच्या वॉस्प्स संघाला त्यांच्या घरी हरवले, ज्या वॉस्प्सने पुढे तोच युरोपियन चषक जिंकला. 2004 च्या उन्हाळ्यात वॉरियर्स बंद. एका हंगामात. नील जेंकिन्स ज्या खोऱ्याने दिला, मार्टिन विल्यम्स ज्या क्लबातून पुढे आला, तिथल्या लोकांना सांगण्यात आले की आता शेजारच्या संघाला आपला माना. कोल्हापुरात पाटाकडीलच्या माणसाला उद्यापासून खंडोबाचा झेंडा घे म्हणून कोणी सांगून बघावे. लोक भांडत नाहीत अशा वेळी. ते घरी बसतात. त्या खोऱ्यांतली बरीच माणसे दोन दशके घरी बसली आहेत आणि त्यांची मुले दुसरे खेळ खेळतात.

आणि 2025 च्या ऑक्टोबरात तुम्ही पुन्हा तसाच निर्णय जाहीर केला. उरलेल्या चार प्रादेशिक संघांचे तीन. एक कार्डिफ, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. याचा साधा अर्थ, ऑस्प्रेज आणि लानेलीचा स्कार्लेट्स यांपैकी एकाने जायचे किंवा दोघांनी मिटून काहीतरी तिसरे व्हायचे. पैसा पुरत नाही हे मला कळते. एप्रिलमध्ये कार्डिफचा संघ दिवाळखोरीत गेला आणि तुम्हालाच तो ताब्यात घ्यावा लागला, हे सगळ्यांनी पाहिले. आयर्लंड चार संघांवर चालते, स्कॉटलंड दोनांवर, म्हणजे आकड्यात जादू नाही हेही मान्य. पण आयर्लंडचे चार प्रांत कोणी कागदावर आखलेले नाहीत, लोकांना ते आधीपासून आपले वाटतात. निष्ठा वरून देता येत नाही. ती असते तिथे राखावी लागते. पश्चिम वेल्समध्ये ती आजही आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी स्कार्लेट्स आणि ऑस्प्रेजचा सामना असला की घरात पाहुणे सोडून लोक निघतात.

आमच्या भागाने अलीकडे फार गमावले आहे. 2024 च्या सप्टेंबरात पोर्ट टॅल्बटची शेवटची झोतभट्टी थंड झाली. घराच्या वरच्या खिडकीतून रात्री दिसणारी तांबूस प्रभा गेली. 2025-26 च्या हंगामात ऑस्प्रेज घरचे सामने ब्रिजेंडच्या ब्रुअरी फील्डवर खेळतो आहे. 2024 मध्ये तुम्ही दहा क्लबांची सुपर रग्बी कम्री ही स्पर्धा सुरू केली. त्या पहिल्या दहांत नीथ नव्हते, पॉन्टिप्रिड नव्हते, लानेली नव्हते. 1881 साली तुमची युनियन नीथच्याच कॅसल हॉटेलात स्थापन झाली. ज्या गावाच्या हॉटेलात तुमचा जन्म झाला त्या गावाच्या क्लबाला तुमच्या दहांत जागा नाही, हे शेजारच्या आजोबांना समजावून सांगणे मला जमले नाही. ते आता हयात नाहीत.

टँडी हे याच मातीतले आहेत. नीथजवळचे टॉनमॉर हे त्यांचे गाव, नीथकडून खेळले, ऑस्प्रेजकडून शंभरांवर सामने खेळले. 2012 मध्ये तिशी जेमतेम ओलांडलेली असताना हंगामाच्या मध्यावर त्यांच्या हाती ऑस्प्रेज आला आणि मे महिन्यात डब्लिनला लेन्स्टर या आयरिश संघाच्या घरी 31-30 ने लीगचा चषक जिंकला. शेन विल्यम्सचा अखेरच्या क्षणांतला ट्राय, कडेवरून डॅन बिगरचे कन्व्हर्जन. मी तो सामना नीथच्या क्लबात उभ्याने पाहिला. गॅरेथ जेंकिन्स यांच्यानंतर अठरा वर्षांनी वेल्सला वेल्समध्ये जन्मलेला कायम प्रशिक्षक मिळाला आहे. 73-0 च्या रात्रीही मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या हाती दिलेला संघ, इंग्लंडमधल्या क्लबांत अडकलेले खेळाडू, वर्ष दीड वर्षात आपला क्लब राहील की नाही हे माहीत नसलेली पोरे, हे सारे मी पाहत होतो.

म्हणून मागणे असे. टँडी यांना 2027 च्या विश्वचषकापर्यंत ठेवणार हे आत्ताच, स्पष्ट शब्दांत सांगा, आणि मधले निकाल काहीही आले तरी शब्द पाळा. खेळाडूंना निदान एक गोष्ट पक्की मिळेल. पश्चिमेच्या संघाबद्दल शेवटचा निर्णय घेण्याआधी लानेलीत आणि स्वान्सीत उघड सभा घ्या, हिशेब टेबलावर ठेवा, आणि एक संघ करायचाच असेल तर त्याचे नाव, रंग आणि मैदान लोकांना ठरवू द्या. आणि 1967 चे पद पुन्हा निर्माण करा. नाव काहीही द्या. पण क्लबांत आणि शाळांत शिकवणारे लोक तयार करणे एवढेच ज्याचे काम असेल, ज्याच्या हाती पैसा असेल आणि जो राष्ट्रीय संघाच्या निकालावर घरी पाठवला जाणार नाही, असा एक माणूस नेमा. त्याच्या हाताखाली प्रत्येक खोऱ्यात एक पगारी प्रशिक्षक ठेवा. एका राष्ट्रीय प्रशिक्षकाला मुदतीआधी मोकळे करताना जे पैसे जातात, तेवढ्यांत सुरुवात होऊ शकेल.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि रग्बी संघात हुकर या जागेवर खेळते. तिच्या संघाला शिकवणारे गृहस्थ दिवसा टपाल वाटतात आणि संध्याकाळी स्वतःच्या पैशाने शंकू आणि चेंडू आणतात. गेल्या हिवाळ्यात दिवे नादुरुस्त होते तेव्हा त्यांनी चार गाड्या मैदानाच्या कडेने उभ्या करून हेडलाइटच्या उजेडात सराव घेतला. संचालक मंडळातल्या कोणी एकाने मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला तिथे यावे आणि त्यांच्याशी अर्धा तास बोलावे अशी माझी विनंती आहे. चहा क्लबात मिळतो. बूट चिखलाचे घालून या.

आपला,
नोलच्या उत्तर कडेला उभा राहणारा
एक कोल्हापूरकर नीथवासी